दिवाणखान्यातला वड

ऐप्पसी, म्हणजे तमिळ पंचांगातला पावसाचा महिना, लागली की चेन्नईत पेरुंगुडीच्या आमच्या घरात अनिरुद्ध न सांगता बाल्कनीचं दार लावून घेतो. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं तो असं करत नसे. उलट पाऊस आला की दार सताड उघडं टाकायचा, खुर्ची ओढून उंबऱ्यातच बसायचा आणि पाय भिजू द्यायचा. आता पहिली सर आली की उठतो, काचेचं दार सरकवतो, कडी घालतो आणि परत येऊन मोबाइलमध्ये डोकं घालतो. का लावलंस, असं मी विचारत नाही. त्या आवाजात मला काय ऐकू येतं हे त्याला माहीत आहे.

सांगलीकडून इथे आलेल्या माणसाला हा पाऊस आधी कळतच नाही. आपल्याकडचा पाऊस निघून गेलेला असतो, आकाशकंदिलांची दुकानं लागायची वेळ झालेली असते, आणि इथे तो तेव्हा कुठे यायला निघतो. येतोही समुद्राकडून, आपल्या पावसाच्या उलट्या दिशेने. ऐप्पसी आणि कार्तिगै हे त्याचे दोन महिने. दिवसच्या दिवस तो हलत नाही, त्याला इथे ‘अडै मळै’ म्हणतात. आमच्या बाल्कनीतून दिसणारी दलदल भरून येते, तिच्यातले बगळे रस्त्याच्या दुभाजकावर येऊन उभे राहतात, ऑफिसच्या बसगाड्या पाण्यातून होड्यांसारख्या जातात. कपडे वाळत नाहीत. पापड, पोहे, मीठ, सगळं सादळतं.

अशाच एका ऐप्पसीत बाबा आमच्याकडे आले होते. दोन गाड्या बदलून, मांडीवर एक झाड घेऊन.

झाड म्हणजे वीतभर उंचीचा वड. सांगलीच्या आमच्या घरावर पाण्याची टाकी आहे, तिच्या भिंतीत तो उगवला होता. टाकीला चिरा पडायला लागल्या म्हणून बाबांनी गवंडी बोलावला. गवंड्याने थापीचा एक घाव घातला आणि बाबांनी त्याचा हात धरला. ते साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालेले, जन्मात कधी कुंडीला हात न लावलेला माणूस. पण त्या दिवशी त्यांनी दुपारभर बसून छिन्नीने चिरेतून ते रोप मुळासकट सोडवलं. बुंध्यावर थापीची खाच राहिली, आडवी, नखाएवढी. मग बाजारातून त्यांनी मातीचं उथळ परळ आणलं, त्याला भोकं पाडली, भोकांवर फुटक्या कौलाचे तुकडे ठेवले, मुळं तांब्याच्या तारेने परळाला बांधली आणि वर लाल माती घातली.

“बोन्साय करताय होय?” मी फोनवर विचारलं होतं.

“बोन्सायबिन्साय काही नाही,” ते म्हणाले. “वाचवलेला वड आहे. मोठा होऊ द्यायला जागा नाही, म्हणून लहान ठेवायचा.”

आई गुडघ्यांमुळे आली नाही, पण वड आला. आईच्या ताब्यात दिला तर ती पाणी घालून घालून बुडवेल, असं बाबांचं म्हणणं होतं. दार उघडल्यावर आधी त्यांनी झाड माझ्या हातात दिलं, मग चपला काढल्या.

त्या ऐप्पसीत आम्ही दोघं बोन्साय शिकलो. शिकलो म्हणजे चुका केल्या. पहिल्यांदा वड टीव्हीशेजारी ठेवला, कारण तिथे तो छान दिसत होता. आठवड्याभरात पानं पिवळी पडून टपटप गळायला लागली. बाबा घाबरले. मी मोबाइलवर व्हिडिओ लावले, बाबांनी चष्मा सावरत ते शाळेच्या पोरासारखे पाहिले. जागा बदलली की वडाच्या जातीची झाडं रुसतात आणि पानं टाकतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. उजेड हवा म्हणून त्याला पूर्वेच्या खिडकीत हलवलं. मग पाणी जास्त झालं, मातीतून बारीक चिलटं उठायला लागली आणि अनिरुद्धच्या चहात पडायला लागली. त्यानंतर बाबांनी नियम केला. आधी बोट मातीत खुपसायचं, पहिल्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच पाणी. सकाळी दात घासून झाले की ते खिडकीशी जायचे आणि बोट खुपसून डॉक्टरसारखे थांबायचे.

पाण्याचीही एक गंमत होती. आमच्या इमारतीत टँकरचं पाणी येतं, खारट. त्याने मातीवर पांढरी बुरशी धरल्यासारखे क्षार जमायला लागले. प्रयोगशाळेतल्या माणसाला ते लगेच ओळखू आलं. “अगं माधवी, हे विष घालतोय आपण त्याला,” म्हणाले, आणि त्या दिवसापासून बाल्कनीत बादली लागली. पाऊस धरून ठेवायचा, गाळायचा, बाटल्यांत भरायचा. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली पावसाच्या बाटल्यांची रांग उभी राहिली. अनिरुद्ध हसायचा. पण आवडीनिवडी फार नसलेल्या या माणसाला सासऱ्यांचा हा नाद मनापासून आवडला असावा, असं मला तेव्हा वाटलं. रविवारी तो स्वतः बादली आत घ्यायचा. “बाबा, आज भरपूर मिळालं,” असं म्हणायचा. ते खोटं नव्हतं. आजही मला तसं वाटत नाही. म्हणून तर पुढचं सगळं समजून घ्यायला इतकं जड जातं.

शेजारच्या तुळजा मामींशी बाबांचं गूळपीठ जमलं तेही वडामुळेच. मामी तंजावरकडच्या मराठी घरातल्या. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांचं मराठी जुन्या पोथीतून उठून आल्यासारखं, वर तमिळचा हेल. बाबांना त्यांच्याशी बोलताना इतका आनंद व्हायचा की ते मुद्दाम काहीतरी मागायला त्यांच्या दारात जायचे.

“आलमरम घरांत ठेवूं नये म्हणतात,” मामी म्हणाल्या होत्या. आलमरम म्हणजे वड.

“का हो?”

“तें देवळाचें झाड. घरांत त्याला वाढूं देत नाहीं, मग तें कष्टी होतें.”

बाबा गंभीर झाले. रात्री जेवताना म्हणाले, “मामी म्हणतात ते खरं असेल. पण टाकीवर ठेवलं असतं तर मारलंच असतं ना त्याला. कष्टी का होईना, आहे.”

दिवाळी करून बाबा परत गेले. झाड ठेवून गेले. जाताना त्यांनी अनिरुद्धला पाणी घालण्याची रीत पुन्हा एकदा दाखवली, बोट खुपसून. मला नाही, त्याला. मला ते आवडलं होतं. आपला माणूस आपल्या माणसाला काहीतरी सोपवतोय, असं काहीसं.

कार्तिगै लागली आणि सांगलीहून फोन आला. बाबांना मेंदूत रक्तस्राव झाला होता. मी मिळेल त्या विमानाने पुण्याला आणि तिथून गाडी करून सांगलीला गेले. अनिरुद्ध विमानतळावर सोडायला आला. त्याच्या कारखान्यात मोठं ऑडिट होतं. “ते संपलं की लगेच येतो,” म्हणाला. मी म्हटलं, “ये. आणि वडाला पाणी घाल.”

बाबा शुद्धीवर आले, बोलायलाही लागले. डॉक्टरांना आशा होती. जीभ जड झाली होती, तरी ते दिवसातून एकदा तरी विचारायचे, “अनिरुद्धराव येतायत का?” मी फोन करायचे. तो म्हणायचा, “रजा मिळत नाही गं. सगळ्यांच्या रद्द केल्यात.” मी बाबांना सांगायचे, येतील, काम आहे. बाबा मान हलवायचे. नोकरी केलेला माणूस, त्यांना ऑडिट कळत होतं.

एका संध्याकाळी ते म्हणाले, फोन लाव. मी लावला, स्पीकरवर ठेवला, उशीजवळ धरला. आई पायथ्याशी बसली होती.

“अनिरुद्धराव,” बाबा म्हणाले, “वडाला पाणी घालता ना?”

“हो बाबा, रोज घालतो. म्हणजे बोट घालून बघतो आधी.”

बाबा हसले. त्यांच्या तोंडाची एकच बाजू हसायची. फोनमधून मागे मोठा आवाज येत होता, धो धो, थांबून थांबून.

“पाऊस आहे वाटतं?”

“हो. खूप आहे.”

“मग बादली लावा. टँकरचं नको.”

“लावलीय बाबा.” मग जरा थांबून तो म्हणाला, “आजच एक नवीन पान आलंय.”

बाबांनी डोळे मिटले. पाठोपाठ सिस्टर आल्या तेव्हा त्यांनी त्यांना जड जिभेने सांगितलं, “आमच्या वडाला पान आलं.” सिस्टरना काही कळलं नाही, त्यांनी मान डोलावली. त्यानंतर एका दिवसाने बाबांना पुन्हा झटका आला आणि ते गेले.

अनिरुद्ध दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला, अग्नी देऊन झाल्यावर. आईच्या पायाशी बसून रडला. त्याचा चेहरा रापला होता, नाकाची सालं निघाली होती. आई तशातही म्हणाली, “किती उन्हात काम करायला लावतात हो तुम्हाला.” तो म्हणाला, “प्लँटच्या आवारात उभं राहावं लागलं.” चेन्नईत त्या आठवड्यात सूर्य दिसला नव्हता. हे मला ठाऊक होतं, मीच रोज तिथल्या पावसाच्या बातम्या बघत होते. पण त्या दिवशी कोणाच्या नाकाकडे कोण बघतं?

तो लवकर परतला. मी आईसोबत महिनाभर राहिले आणि पोंगलच्या सुमाराला चेन्नईला आले. घरात शिरले ती सरळ खिडकीशी गेले. वड होता. इतकंच नाही, तो भरला होता. पानं लहान, चकचकीत, दाट. बाबांच्या हाताखाली तो कधी इतका देखणा नव्हता.

“मी छाटला,” अनिरुद्ध मागून म्हणाला. “पानं सगळी गळली होती. मग नवीन आली.”

“खाच दिसत नाही.”

“भरून आली असेल. वडाची साल लवकर भरते म्हणे.”

मी मोबाइलवर पाहिलं. खरंच भरते. मग मी त्याच्या गळ्यात पडून पहिल्यांदा मोकळी रडले. ज्याला रजा मिळाली नव्हती, त्याने निदान हे जगवलं होतं. आईला फोन करून सांगितलं. आई म्हणाली, “पोटच्या पोरानं केलं नसतं इतकं.” मावशीला सांगितलं, ऑफिसात सांगितलं. ज्यांना बोन्साय म्हणजे काय हे माहीत नव्हतं, त्यांनाही सांगितलं.

आणि मग मी खऱ्या अर्थाने शिकले. बाबांबरोबर जे चाललं होतं ते खेळणं होतं, आता मी अभ्यास केला. परळ दर आठवड्याला थोडं फिरवायचं, म्हणजे झाड एकीकडे झुकत नाही. फांदीच्या टोकाचा कोवळा कोंब चिमटीने खुडायचा, म्हणजे बाजूने फुटवे येतात. तार बांधायची ती साल कापेपर्यंत ठेवायची नाही. एसीचा झोत लागू द्यायचा नाही. घरातलं झाड कधीमधी बाल्कनीत न्यायचं, पण एकदम उन्हात नाही, माणसाला आजारातून उठवतात तसं हळूहळू. सकाळी मातीत बोट खुपसताना मी मनात बाबांशी बोलायचे, कधी मोठ्यानेही. अनिरुद्ध चहा घेऊन मागे उभा असायचा. एकदा म्हणाला, “इतका काय जीव लावतेस, झाड आहे.” मला राग आला होता. बाबांच्या वाढदिवसाला मी परळाशी मोगऱ्याची दोन फुलं ठेवली आणि त्याला म्हटलं, नमस्कार कर. त्याने वाकून नमस्कार केला. तो वाकलेला मला अजून दिसतो. इतर सगळं मी कधीतरी विसरेन, पण त्या वेळी तो एक शब्द बोलू शकला असता आणि बोलला नाही, हे विसरणं मला जमेलसं वाटत नाही.

आडी महिन्यात, आपल्या आषाढाच्या सुमाराला, माती दगडासारखी घट्ट झाली. पाणी वरून वाहून जायला लागलं. आता कुंडी बदलायची, मुळं छाटायची, नवीन माती घालायची वेळ आली, एवढं मला कळत होतं. रविवार होता. अनिरुद्ध आवडी नावाच्या उपनगरात मित्राकडे गेला होता. मी दिवाणखान्यात वर्तमानपत्र पसरलं, चॉपस्टिकने कडेची माती मोकळी केली, परळ आडवं केलं आणि वड अलगद बाहेर ओढला.

तो सहज आला. तार नव्हती.

मुळांभोवती प्लॅस्टिकची काळी जाळी होती, नर्सरीत रोपाला असते तशी. माती लाल नव्हती, नारळाच्या भुश्याची होती. परळाच्या भोकांवर कौलाचे तुकडे नव्हते, हिरव्या जाळीचे चौकोन कापून ठेवले होते. आणि बुंध्यावर, मातीच्या किंचित वर, कलमाची गाठ होती. सहा महिने ती मी रोज पाहत होते आणि वडाचं वळण समजत होते. टाकीच्या भिंतीत आपोआप उगवलेल्या झाडाला कलमाची गाठ कुठून असणार?

मी तशीच बसून राहिले. हातात ते झाड, मुळं उघडी. थोड्या वेळाने दार वाजलं. तुळजा मामी डबा परत करायला आल्या होत्या. त्यांनी पसारा पाहिला, माझ्याकडे पाहिलं.

“मामी,” मी म्हटलं, “हा बाबांचा वड नाही.”

“नव्हेच,” मामी म्हणाल्या, अगदी साधेपणाने. “तो वाळून गेला ना तेव्हां. त्याने खाली नेऊन टाकला तो मीं पाहिला. त्याने सांगितलें नाहीं तुला?”

“तो वाळला कसा? अनिरुद्ध तर इथेच होता.”

मामींचा चेहरा बदलला. आपण कुठे पाय ठेवला हे त्यांच्या लक्षात आलं असावं, पण खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. “कोठे होता? घराला कुलूप होतें की. तुझ्या वडिलांना बघायला तोही तिकडे गेला, असें मला वाटलें. मीं देवाला सांगितलें, बरें झालें, जांवई जवळ आहे.”

त्या गेल्यावर मी आधी झाड पुन्हा मातीत लावलं. ते का केलं, सांगता येत नाही. मुळं उघडी ठेवली तर सुकतात, एवढं एकच त्या वेळी मला ठाम माहीत होतं. जाळी कापून काढली, मुळं मोकळी केली, माती दाबली, पाणी घातलं. मग हात धुऊन सोफ्यावर बसले.

अनिरुद्ध आला तेव्हा अजून उजेड होता. त्याने पसारा पाहिला आणि तो दारातच थांबला.

“कुठे होतास तू?” मी विचारलं.

मी आवडीबद्दल विचारत नाही, हे त्याला लगेच कळलं. त्याने नाटक केलं नाही, तेवढं खरं. चप्पल न काढता तो खुर्चीवर बसला.

“अंदमानला,” तो म्हणाला. “कॉलेजच्या ग्रुपबरोबर. ते उन्हाळ्यातच ठरलं होतं. तुला सांगणार होतो, पण तेवढ्यात बाबांचं झालं.”

“ऑडिट?”

“ऑडिट नव्हतं.”

“रजा?”

“रजा मंजूरच होती. त्यासाठीच घेतली होती.” त्याने कपाळ चोळलं. “डॉक्टर म्हणत होते, सुधारतायत. तूच म्हणालीस, बोलायला लागलेत. मला वाटलं, परत आल्यावर येईन. मी येऊन तसंही काय करणार होतो, माधवी?”

“ते विचारत होते रोज. एवढंच करायचं होतं, येऊन समोर उभं राहायचं.”

तो वाकून चपला काढायला लागला.

“फोनवर पाऊस होता मागे.”

“समुद्र होता,” तो म्हणाला. “मी बीचवरून थोडा लांब आलो होतो, तरी येत होता आवाज.”

मला रडू येत नव्हतं. एकच गोष्ट डोक्यात होती. “आणि ते पान?” मी विचारलं.

“कुठलं पान?”

“नवीन पान आलं म्हणालास. पाणी घालतो म्हणालास ते समजू शकते, अडकला होतास. पण पान कोणी विचारलं नव्हतं तुला. ते कशाला सांगितलंस?”

त्याने पायाशी पडलेली काळी जाळी उचलली. मग म्हणाला, “त्यांना बरं वाटावं म्हणून.”

आणि वाटलंही होतं. हाच तर पेच आहे. बाबांच्या शेवटच्या दिवसांतला एकमेव आनंद मी पाहिला तो त्या पानाचा. अर्ध्या तोंडाने हसून त्यांनी ते सिस्टरना सांगितलं होतं. पान नव्हतं, वड बंद घरात तहानेने वाळत होता, सांगणारा वाळूत उभा होता. पण हसणं खरं होतं. ते हसणं मी खोट्यात टाकू की खऱ्यात? कित्येक दिवस मी यावर विचार केला. कधी वाटतं, त्याने मरणाऱ्या माणसाला चांगलं काहीतरी दिलं. लगेच वाटतं, त्याने दिलं नाही, येण्याऐवजी पाठवून दिलं. आणि बाबांना जर काही कळत असेल आता, तर ते काय म्हणत असतील? हे विचारायला मला कोणी नाही.

लोक म्हणतात, वर्षभरात सगळं बोथट होतं. ऑफिसातल्या एका मैत्रिणीला मी हे सांगितलं, ती म्हणाली, “दुसरी बाई तर नव्हती ना?” नव्हती. तिने सुटकेचा श्वास सोडला आणि जेवणाचा डबा उघडला. तिला दोष देत नाही. फसवणुकीची आपल्याकडे एक ठरलेली जात आहे, तिच्यात न बसणारी फसवणूक सांगायला गेलं की बोलणारीच हट्टी वाटते. एक सहल आणि एक झाड. अनिरुद्धने माफी मागितली आहे, पुष्कळदा. तो वाईट माणूस नाही. पण तेव्हापासून तो म्हणाला “बँकेत गेलो होतो”, तरी माझ्या मनात कुठेतरी तो वाळूत उभा असतो.

सगळ्यात वाईट गोष्ट अशी की मीही त्यात सामील झाले. आई दर आठवड्याला फोनवर विचारायची, “ह्यांचा वड कसा आहे?” मी म्हणायचे, छान आहे. फोटो मागायची, मी पाठवायचे. ती तो फोटो शेजारणीला दाखवायची, जावयाचं कौतुक करायची. सांगावं तर तिच्याकडचा एवढाही आधार काढून घ्यायचा, न सांगावं तर ज्या खोट्याने मी पोळले तेच आपल्या तोंडाने तिला भरवायचं. मी दुसरं निवडत राहिले.

या ऐप्पसीत आई आली. पहिल्यांदाच विमानात बसली. गुडघ्यांवर हात ठेवत ती घरभर फिरली आणि शेवटी खिडकीशी आली. मी किचनमधून पाहत होते. तिने पदराने परळाची कड पुसली, वाकून बुंध्याला हात लावला आणि बोट फिरवत राहिली, एकाच जागी.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, अनिरुद्ध भाजी आणायला गेला असताना ती कीरै, म्हणजे इथली पालेभाजी, निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “माधवी, खाच कुठं गेली?”

अनिरुद्धने मला दिलेलं उत्तर माझ्या तोंडात आलं होतं. साल भरते लवकर. मी ते गिळलं आणि तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं. ऑडिट, अंदमान, फोन, पान, कुलूप. मी सांगत होते तोवर तिचे हात काड्या खुडत राहिले.

“जुन्याचं काय केलं?” तिने शेवटी विचारलं.

“खाली कचऱ्यात टाकला.”

“वाळला होता तर वाळला म्हणायचं,” आई म्हणाली. “टाकीवर दरवर्षी उगवतोय तो. यंदाबी दोन आलेत. मी दिलं असतं दुसरं.”

तिने निवडलेली भाजी चाळणीत घातली आणि उठून धुवायला गेली. नळापाशी ती फार वेळ उभी होती. मी मागे गेले नाही.

दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो. आईने त्याच्या आवडीची आमटी केली होती, ती आधीच ठरवलेली. तिने त्याला वाढलं, मला वाढलं, स्वतःचं पान घेतलं. अनिरुद्ध काहीतरी रस्त्यातल्या पाण्याबद्दल सांगत होता, गाड्या कशा अडकल्यात वगैरे. आईने ऐकून घेतलं. मग नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या आदराने विचारलं,

“अनिरुद्धराव, अंदमानला पाणी फार नितळ असतं म्हणतात. खरं का हो?”

त्याचा हात ताटात थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही. त्याच्या चेहऱ्यावरून सगळी उत्तरं येऊन गेलेली मला दिसली. कोण म्हणालं, मी कुठे गेलोय, पूर्वी कधीतरी. त्यातलं एकही त्याने उचललं नाही.

“हो आई,” तो म्हणाला. “तळ दिसतो.”

आईने मान हलवली. “मग बघण्यासारखंच असणार,” ती म्हणाली आणि जेवू लागली. त्याच्या पानातला भात संपला होता. आमच्या लग्नापासून जावयाच्या पानातला भात संपलेला आईने कधी पाहिलेला नाही, संपायच्या आत तिचा वाढायचा डाव पुढे आलेला असतो. त्या दिवशी भाताचं पातेलं तिच्या उजव्या हाताशी होतं आणि ती खाली बघून शांतपणे जेवत होती. अनिरुद्ध थोडा वेळ तसाच बसला. मग त्याने हात लांब केला, पातेलं स्वतःकडे ओढलं आणि आपल्या हाताने भात वाढून घेतला.